टिकल्यांचे पिस्तूल विमानात का चालत नाही? बंदूक आणि प्रवासी विमान यांचा शंभर वर्षांचा इतिहास

#थ्रेड #इतिहास #पुणे

१/
पुण्याच्या लोहगाव विमानतळाची धावपट्टी हवाई दलाची आहे. १९३९ मध्ये ब्रिटिशांनी हा तळ उभारला. आज त्याच्या एका कडेला नागरी टर्मिनल आहे. त्यामुळे एकाच धावपट्टीवरून दोन जगे उडतात. एक सुखोई-३० चे, ज्याच्या पंखाच्या मुळाशी ३० मिलिमीटरची तोफ बसवलेली असते. दुसरे प्रवासी विमानाचे, ज्यात दिवाळीच्या सुट्टीत आजोळी निघालेल्या मुलाला टिकल्या फोडायचे पिस्तूलही हातात नेता येत नाही.

२/
टिकल्या हा स्फोटक पदार्थ, म्हणून त्यांना बंदी. एवढे सहज पटते. पण टिकल्या काढून घेतल्या तरी ते रिकामे पिस्तूल सुरक्षा तपासणीच्या पुढे जात नाही. ज्यातून काहीच सुटू शकत नाही अशा वस्तूची भीती कशासाठी? या प्रश्नाचे उत्तर गेल्या शतकातील काही तारखांत दडलेले आहे, आणि त्यांतील दोन तारखा तर निव्वळ खेळण्यांच्या आहेत.

३/
आरंभी कायद्याला प्रवाशाची भीती नव्हती. भीती होती ती खुद्द विमानाची. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये पॅरिस येथे हवाई वाहतुकीचा पहिला मोठा आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या २६ व्या कलमाने देशादेशांतील उड्डाणांत स्फोटके, शस्त्रे आणि युद्धसामग्री नेण्यास मनाई केली. सीमेवरची चौकी न ओलांडता, डोक्यावरून शस्त्रे शेजारच्या देशात पोहोचतील, ही ती चिंता होती.

४/
१९४४ च्या शिकागो कराराने हाच विचार पुढे नेला. ३५ वे कलम युद्धसामग्रीविषयी आहे आणि त्याला लागूनच असलेले ३६ वे कलम कॅमेऱ्याविषयी! बंदूक आणि कॅमेरा यांना कायद्याने शेजारी बसवले, कारण दोन्हींचा संबंध राज्यसंस्थेच्या संरक्षणाशी होता. लोहगावसारख्या लष्करी धावपट्टीवर छायाचित्रे काढण्यास असलेली मनाई त्याच परंपरेतील आहे. प्रवाशाच्या खिशात काय आहे, हा प्रश्न मात्र या कलमांनी विचारलाच नव्हता.

५/
तो प्रश्न १६ जुलै १९४८ रोजी उभा राहिला. मकाऊहून हाँगकाँगला निघालेल्या ‘मिस मकाऊ’ या कॅथे पॅसिफिकच्या सागरी विमानात चार सशस्त्र प्रवासी लुटीच्या हेतूने चढले होते. झटापटीत वैमानिकाला गोळी लागली आणि विमान समुद्रात कोसळले. २६ जणांपैकी एकच वाचला, आणि तो लुटारूंपैकीच होता. प्रवासी विमानाच्या अपहरणाचा हा अगदी सुरुवातीचा प्रसंग. तरीही जगाने तो एक विचित्र दरोडा मानून सोडून दिला.

६/
साठच्या दशकात अमेरिकेत विमाने क्युबाकडे वळवण्याची लाटच आली. १९६१ मध्ये तेथे विमानात लपवून शस्त्र नेणे हा गुन्हा ठरला, पण दारात तपासणीच नसेल तर गुन्हा उघडकीस यायचा कसा? प्रत्येक प्रवाशाची झडती घेतली तर लोक विमानप्रवास सोडतील, असे विमान कंपन्यांना वाटे. शंभराहून अधिक अपहरणे झाल्यावर, ५ जानेवारी १९७३ पासून अमेरिकेत सर्व प्रवाशांची तपासणी सक्तीची झाली.

७/
भारताला हा धडा त्याआधीच मिळाला होता. ३० जानेवारी १९७१. श्रीनगरहून जम्मूकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे ‘गंगा’ नावाचे फोकर विमान हाशिम कुरेशी आणि अशरफ कुरेशी या दोघांनी लाहोरला नेले. त्यांच्याजवळ होते एक बनावट पिस्तूल आणि एक लाकडी हातबॉम्ब. प्रवासी व कर्मचारी सुखरूप परतले. विमान मात्र लाहोरच्या धावपट्टीवर पेटवून देण्यात आले.

८/
या लाकडी हातबॉम्बचा परिणाम खऱ्या बॉम्बपेक्षा मोठा ठरला. ४ फेब्रुवारी १९७१ रोजी भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या हवाई हद्दीतून जाण्यास बंदी केली. पश्चिम आणि पूर्व पाकिस्तानला जोडणारा सरळ मार्ग बंद झाला. विमानांना श्रीलंकेला वळसा घालून जवळजवळ तिप्पट अंतर कापावे लागू लागले. पुढच्याच महिन्यात ढाक्यात लष्करी कारवाई सुरू झाली आणि सैन्य, रसद, अधिकारी या साऱ्यांना हाच लांबचा रस्ता धरावा लागला. डिसेंबरमध्ये युद्ध झाले आणि बांगलादेश जन्मला.

९/
बांगलादेशाच्या जन्माचे श्रेय एका बनावट पिस्तुलाला देणे अर्थातच भाबडेपणाचे होईल. त्यामागची कारणे कितीतरी खोल होती. अपहरणामागे कोणाचा हात होता, यावरही दोन्ही देशांत परस्परविरोधी मते मांडली गेली. पण हवाई बंदीचा वाद आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिषदेपुढे आणि तेथून हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. तेथे भारताची बाजू मुंबईचे विधिज्ञ नानी पालखीवाला यांनी मांडली. १८ ऑगस्ट १९७२ च्या निकालात, हा वाद ऐकण्याचा अधिकार परिषदेला आहे, असे न्यायालयाने ठरवले.

१०/
आता मुंबईकडे येणारे एक विमान. १० सप्टेंबर १९७६ रोजी दिल्लीच्या पालम विमानतळावरून मुंबईसाठी निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ सहा जणांनी लाहोरला नेले. प्रवासी सुटले, परंतु पाच वर्षांत दुसऱ्यांदा तेच घडले होते. सरकारने पांडे समिती नेमली. तिच्या शिफारशीनुसार जानेवारी १९७८ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयात सुरक्षेसाठी स्वतंत्र कक्ष सुरू झाला. आज विमानतळावर ज्याचे नियम चालतात त्या नागरी विमान सुरक्षा ब्युरोचे, म्हणजे ‘बीसीएएस’चे, हे बीज.

११/
त्याच वर्षाच्या अखेरीस या नव्या व्यवस्थेची परीक्षा झाली. १९ डिसेंबर १९७८ रोजी लोकसभेने विशेषाधिकारभंगासाठी इंदिरा गांधींना तुरुंगात धाडले. दुसऱ्याच दिवशी कलकत्त्याहून लखनौमार्गे दिल्लीला जाणारे विमान भोलानाथ पांडे आणि देवेंद्रनाथ पांडे या दोन तरुणांनी वाराणसीला उतरवले. मागणी एकच: इंदिराजींना सोडा. विमानात शंभराहून अधिक प्रवासी होते. दोघांनी शरणागती पत्करल्यावर उघड झाले की त्यांच्याजवळची पिस्तुले खेळण्यातली होती.

१२/
पुढची गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याने विशेष लक्षात ठेवावी. १९८० च्या उत्तर प्रदेश विधानसभा निवडणुकीत या दोघांनाही काँग्रेसची उमेदवारी मिळाली आणि दोघेही आमदार झाले. पिस्तूल खोटे होते, म्हणून अपराधही जणू थट्टेचा ठरला! पण रात्रभर त्या विमानात बसलेल्या माणसाला ते खोटे असल्याचे कोणी सांगितले नव्हते. त्याची भीती शंभर टक्के खरी होती. विमान अपहरण हा स्वतंत्र गुन्हा मानणारा कायदा भारतात आला तो १९८२ मध्ये.

१३/
खेळण्याला बंदूक म्हणून दाखवण्याचे हे दोन प्रसंग. आता याच्या उलट प्रसंग: खेळण्यांखाली लपवलेल्या बंदुका. २५ नोव्हेंबर १९८१ रोजी सेशेल्स बेटांवर रॉयल स्वाझी विमान कंपनीच्या विमानातून मौजेसाठी आल्याचे भासवणारा चाळीसहून अधिक पुरुषांचा गट उतरला. त्यांच्या पिशव्यांत मुलांसाठी आणलेली खेळणी होती. पिशवीच्या खोट्या तळाखाली एके-४७ रायफली होत्या. हे होते ‘मॅड माइक’ होअरचे भाडोत्री सैनिक, आणि बेत होता तेथील सरकार उलथवण्याचा.

१४/
सीमाशुल्क अधिकाऱ्याला एका पिशवीत बंदूक सापडली आणि विमानतळावरच गोळीबार सुरू झाला. त्याच वेळी तेथे उतरत होते एअर इंडियाचे बोइंग ७०७. सॅलिसबरीहून, म्हणजे आजच्या हरारेहून, सेशेल्समार्गे मुंबईला येणारे! परतीचा मार्ग तुटलेल्या भाडोत्री सैनिकांनी हेच विमान ताब्यात घेऊन दक्षिण आफ्रिकेतील डर्बनला नेले. कॅप्टन उमेश सक्सेना यांनी संयम राखला आणि प्रवासी व कर्मचारी सुखरूप सुटले. खेळण्यांवर कोणाला संशय येत नाही, हेच त्या पिशव्यांचे खरे कुलूप होते.

१५/
१९८५ ने भीतीची दिशाच बदलली. २३ जून रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ अटलांटिकवर बॉम्बस्फोटाने नष्ट झाले; ३२९ जणांचा मृत्यू झाला. त्यात बंदूक नव्हती, अपहरणकर्ता नव्हता. मालकाविना चढलेली एक बॅग होती. त्यानंतर १ एप्रिल १९८७ रोजी बीसीएएस हा स्वतंत्र विभाग झाला. प्रवासी आणि त्याचे सामान यांची सांगड घालणे हा सुरक्षेचा पाया बनला.

१६/
दरम्यान ५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून निघालेले पॅन अॅमचे ७३ क्रमांकाचे उड्डाण कराचीत थांबले असता चार बंदूकधारी आत घुसले. ते प्रवाशांच्या रांगेतून आलेच नाहीत. विमानतळ सुरक्षारक्षकांसारखा गणवेश घालून, तशाच सजवलेल्या गाडीतून ते थेट विमानापर्यंत आले. मुंबईच्या नीरजा भनोत यांनी वैमानिकांना सावध केले, प्रवाशांना वाचवले आणि स्वतःचा जीव दिला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. झडती कितीही कडक असली, तरी झडती घेणाऱ्याचा वेश धारण करणाऱ्यापुढे ती हतबल ठरते, हा कराचीचा धडा.

१७/
२४ एप्रिल १९९३ च्या प्रसंगात वेश गणवेशाचा नव्हता, दुखापतीचा होता. दिल्लीहून श्रीनगरला जाणाऱ्या विमानात पायाला प्लॅस्टर घातलेला एक प्रवासी लंगडत चढला. प्लॅस्टरमध्ये पिस्तुले होती. विमान अमृतसरला उतरले. मध्यरात्रीनंतर राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाच्या कमांडोंनी आत शिरून अपहरणकर्त्याला ठार केले. एकाही प्रवाशाला इजा झाली नाही. आज प्लॅस्टर, कुबड्या, चाकांची खुर्ची यांचीही तपासणी होते. ती अनेकांना निर्दय वाटते. तिच्यामागे ही रात्र आहे.

१८/
मग आले २४ डिसेंबर १९९९. काठमांडूहून दिल्लीला निघालेले आयसी-८१४ अमृतसर, लाहोर आणि दुबईमार्गे कंदाहारला नेण्यात आले. एका प्रवाशाची हत्या झाली आणि ३१ डिसेंबरला तीन दहशतवाद्यांच्या बदल्यात बाकीचे सुटले. कटातील साथीदार मुंबई पोलिसांनी मुंबईतच पकडले. शस्त्रे विमानात शिरली होती ती परदेशी विमानतळावर. म्हणजे साखळीतील दूरची कडी कच्ची असेल, तर घरातले कुलूप निरुपयोगी.

१९/
यानंतर दोन बदल झाले. पहिला सर्वांना दिसतो: २००० पासून विमानतळांची सुरक्षा राज्यांच्या पोलिसांकडून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे जाऊ लागली. जयपूरपासून आरंभ झाला. लोहगावच्या टर्मिनलवरही आज याच दलाचे जवान दिसतात. दुसरा बदल कोणाला दिसू नये असाच आहे: साध्या वेशात प्रवास करणारे सशस्त्र ‘स्काय मार्शल’. प्रवाशाच्या हातून काढून घेतलेली बंदूक अशा रीतीने शासनाच्या हातून पुन्हा विमानात आली.

२०/
येथे एका गैरसमजाचा निकाल लावणे आवश्यक आहे. चित्रपटांत एक गोळी खिडकीला लागते आणि सारे विमान फाटते. प्रत्यक्षात विमानाच्या आत हवेचा दाब सतत भरला जातो आणि झडपेतून सतत सोडलाही जातो. गोळीच्या छिद्रातून निसटणारी हवा ही यंत्रणा सहसा भरून काढू शकते. खरा धोका वेगळा असतो: अरुंद जागेत खेटून बसलेली माणसे, यंत्रणांच्या तारा, आणि वैमानिकाच्या मानेशी टेकलेली नळी. विमानाचा पत्रा टिकतो, माणसाचा निश्चय टिकत नाही.

२१/
मग आज परवानाधारकाला बंदूक नेताच येत नाही का? येते, पण आपल्याजवळ ठेवता येत नाही. शस्त्र रिकामे हवे, परवाना सोबत हवा, विमान कंपनीला आगाऊ कळवून काउंटरवर तसे घोषित करायला हवे. पडताळणीनंतर ते विमानाच्या पोटातील सामानकक्षात जाते आणि मुक्कामी पोहोचेपर्यंत मालकाचा हात त्याला लागत नाही. काडतुसे नीट बांधलेली हवीत; आंतरराष्ट्रीय नियमानुसार त्यांचे वजन वेष्टणासह माणशी ५ किलोपर्यंतच असावे लागते.

२२/
या नियमाचा सर्वाधिक अनुभव येतो तो नेमबाजांना, आणि पुणे हे नेमबाजांचे शहर आहे. बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभे राहिले. तेथील नेमबाजी केंद्रात राज्यभरातून मुले-मुली येतात. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे पुण्यात रेल्वेची नोकरी सांभाळत सराव करत राहिला आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी त्याने ५० मीटर रायफल प्रकारात ऑलिंपिक कांस्यपदक मिळवले. १९५२ मध्ये खाशाबा जाधवांनी हेलसिंकीत मिळवलेल्या पदकानंतर महाराष्ट्राचे हे दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

२३/
नेमबाजाच्या दृष्टीने रायफल म्हणजे गवयाचा तानपुरा. तिचा दस्ता त्याच्या खांद्याच्या मापाने बसवलेला असतो. केसभर हलला तरी गुण जातो. ती पेटीत बंद करून सामानाच्या पट्ट्यावर सोडताना त्याच्या मनात काय होत असेल, याची कल्पना करता येते. १० मीटर प्रकारातील हवेच्या दाबावरची ०.१७७ बोअरची पिस्तुले ठरावीक शक्तीपर्यंत शस्त्रपरवान्यातून मुक्त आहेत. विमानात मात्र तीही हातसामानात चालत नाहीत. परवान्याचा कायदा शस्त्राची ताकद मोजतो. विमानाचा नियम त्याचे रूप पाहतो.

२४/
आणि अनवधानाचे काय? परवानाधारकाच्या जुन्या बॅगेच्या कप्प्यात विसरलेले एखादे काडतूस क्ष-किरण यंत्रात दिसते, आणि प्रवास थांबून पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागते. अशा प्रकरणांत न्यायालयांनी ‘जाणीवपूर्वक ताबा’ हे तत्त्व मानले आहे: वस्तू आपल्याजवळ आहे याची जाणीवच नसेल, तर शस्त्र कायद्याखालील गुन्हा सिद्ध होत नाही. पण हा विचार न्यायालयात होतो. तपासणीच्या रांगेतील जवानाकडे मनातले वाचण्याचे यंत्र नसते; त्याला समोर दिसते ते काडतूस.

२५/
२०१६ च्या अपहरणविरोधी कायद्यात हे सारे अनुभव एकत्र आले. तो ५ जुलै २०१७ पासून लागू झाला. अपहरणात कोणाचा मृत्यू घडल्यास फाशीपर्यंतची शिक्षा त्यात आहे. त्याहून बोलकी गोष्ट अशी की अपहरणाची विश्वसनीय वाटावी अशी धमकी देणे हादेखील त्यात गुन्हा आहे. १९७८ मध्ये ‘पिस्तूल तर खोटे होते’ हे समर्थन चालून गेले होते. आता कायदा विचारतो तो प्रश्न निराळा आहे: भीती खरी होती की नाही?

२६/
पुन्हा लोहगाव. रांगेत उभे असलेले मूल, त्याच्या हातातले प्लॅस्टिकचे पिस्तूल, आणि ते बाजूला काढून ठेवणारा जवान. आईला वाटते, हा नियमांचा अतिरेक आहे. पण त्या नियमात लाहोरचा लाकडी हातबॉम्ब आहे, वाराणसीची ती रात्र आहे, सेशेल्सच्या पिशवीतली खेळणी आहेत. तीस हजार फुटांवर, दूरच्या रांगेतून, खरे आणि खोटे यांत भेद करणे कोणालाच शक्य नसते. तो भेद करण्याची शेवटची जागा जमिनीवर, त्या टेबलाशीच आहे. म्हणून ते पिस्तूल मागे राहते आणि विमान पुढे जाते.

(समाप्त)